काल्फ गावातील रविवारचा फेरफटका

नेकरकाठची

माझे वडील साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच रविवारी सकाळी त्यांनी खिडकीतून खाली पाहिले आणि विचारले, "आज इथे संचारबंदी आहे का गं?" जर्मनीत श्टुटगार्टच्या परिसरात अकरा वर्षे काढल्यानंतर मला त्या शांततेची इतकी सवय झाली होती, की उत्तर द्यायला थोडा वेळ लागला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, दुकाने बंद होती आणि एरवी घरासमोरून धडधडत जाणारे ट्रक तर औषधालाही दिसत नव्हते. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि रविवारी सकाळी पिशवी घेऊन मंडईत जाणे हा त्यांचा न चुकणारा नेम आहे. रविवारी मंडईच नसते हे त्यांना तोंडी पटवण्यापेक्षा एखादे लहान गाव त्या दिवशी प्रत्यक्ष दाखवावे असे मी ठरवले आणि पुढच्या रविवारी आम्ही काल्फला गेलो. त्या दिवसाविषयी हा धागा आहे. काल्फमध्ये काय काय पाहावे याची यादी मात्र यात सापडणार नाही.

गावाच्या नावाच्या शेवटी 'डब्ल्यू' लिहितात, पण उच्चार 'काल्फ' असाच करतात. ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तर भागात नागोल्ड नावाच्या लहानशा नदीच्या अरुंद खोऱ्यात हे गाव वसलेले आहे, आणि आजूबाजूच्या वाड्या धरूनही त्याची वस्ती २५,००० च्या आतच आहे. श्टुटगार्टहून एस-६ ही लोकल वाइल डेअर श्टाट या गावापर्यंत जाते. ते योहानेस केप्लरचे जन्मगाव (१५७१) असून तिथल्या चौकात त्याचा पुतळा आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथून पुढे बस होती. डोंगर उतरून बस खोऱ्यात आली तेव्हा साडेनऊ वाजत होते आणि चर्चच्या घंटा सुरू झाल्या होत्या. अरुंद खोऱ्यात घंटेचा नाद एका उतारावर आपटून दुसऱ्या उतारावर जातो, त्यामुळे तो नेमका कुठून येतो आहे ते कळत नाही. बाबा नदीच्या कठड्याला टेकून घंटा थांबेपर्यंत ऐकत उभे राहिले.

उघडे दुकान असे एकच सापडले, ते म्हणजे बेकरी. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात बेकऱ्यांना रविवारी तीन तास विक्रीची मुभा आहे, आणि त्या तीन तासांत अख्खे गाव तिथे येऊन जाते. रांगेत पायजम्यावर कोट चढवून आलेले एक गृहस्थ होते, लहान भावाचा हात धरून आलेली एक मुलगी होती आणि काठी टेकत आलेल्या एक आजी होत्या. प्रत्येकाने आत शिरताना सगळ्यांना उद्देशून "ग्र्यूस गॉट" म्हटले. हा इकडचा रामराम. बाबांनी तो तिथेच उचलला आणि दिवसभर दिसेल त्याला केला, आणि प्रत्येकाकडून त्यांना तो परत मिळाला. लोणी भरलेले दोन ब्रेत्सेल, म्हणजे गाठीच्या आकाराचे पाव, घेऊन आम्ही पुलाकडे निघालो.

निकोलाउस पूल हा गावातला सर्वांत जुना पूल आहे. त्याच्या मधल्या खांबावर साधारण १४०० च्या सुमाराची एक चिमुकली दगडी देवळी, म्हणजे कपेला, उभी आहे. पुलावर ही देवळी का बांधली, हे बाबांना समजावून सांगावे लागले नाही. पाण्याच्या भीतीने माणसे घाटावर देव बसवतात, तसेच हे आहे, असे ते स्वतःच म्हणाले. निकोलाउस हा संतही नावाड्यांचा आणि व्यापाऱ्यांचा रक्षक मानला जातो, त्यामुळे त्यांचा अंदाज फारसा चुकला नाही. याच नदीतून ब्लॅक फॉरेस्टमधल्या लाकडांचे तराफे सोडत असत. नागोल्डमधून एन्त्स, एन्त्समधून नेकर आणि नेकरमधून ऱ्हाइन असा प्रवास करून ते लाकूड थेट हॉलंडच्या गोद्यांपर्यंत जात असे. त्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या एका घराण्याचा अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला वाडा आता गावाचे संग्रहालय आहे.

त्याच पुलावर हातात टोपी घेतलेला, चष्मा लावलेला एक किडकिडीत माणूस उभा आहे. जवळ गेल्यावर तो कांस्याचा आहे हे कळते. हा हेर्मान हेस्से. २ जुलै १८७७ रोजी तो याच गावात चौकातल्या सहा क्रमांकाच्या घरात जन्मला, १९४६ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच्या १२५ व्या जन्मवर्षी, २००२ मध्ये, कुर्ट टासोटी या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा इथे बसवला गेला. पुतळ्याला चौथरा नाही, तो फुटपाथवर तुमच्या-आमच्या उंचीवर उभा आहे, आणि ही गोष्ट मला फार आवडते. हेस्सेला हा पूल अतिशय प्रिय होता. लहानपणी तो इथे गळ टाकून तासन्‌तास बसत असे. मोठेपणी त्याने आपल्या कथांमधून हे गाव 'गेर्बेर्साउ' या नावाने रंगवले. गेर्बेर म्हणजे चांभार नव्हे, तर कातडी कमावणारा, आपल्याकडच्या ढोर समाजाचा धंदा करणारा. नदीकाठी त्या काळी हाच धंदा चालत असे.

रविवारचा खरा फायदा चौकात आल्यावर कळतो. इतर दिवशी चौकात आपण तळमजले पाहतो, म्हणजे काचा, पाट्या, सवलतींचे फलक आणि दाराशी मांडलेले कपडे. दुकाने बंद असली की मान आपोआप वर जाते. काल्फच्या चौकाची सगळी श्रीमंती पहिल्या मजल्यापासून वर आहे. चढत्या चौकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी चौकटींची घरे खांद्याला खांदा लावून उभी आहेत, आणि बाबांनी पुढचा पाऊण तास त्या चौकटींवर घालवला. वाड्यात जसे खण मोजतात तसे ते बोटाने खण मोजत होते. तुळया कुठे टेकल्या आहेत, तिरक्या आधारांमुळे वाऱ्याचा जोर कसा पेलला जातो, सांधे लाकडी खुंट्या ठोकून कसे बसवले आहेत आणि वरचा मजला खालच्या मजल्यापेक्षा वीतभर पुढे का काढला आहे, याचे व्याख्यान मला मिळाले. चौकटींमधल्या भिंती मुळात काटक्या विणून त्यावर पेंढा घातलेली माती लिंपून केलेल्या असतात, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे कूडच की! आपल्याकडे कुडाचे घर गरिबाचे, आणि इथे सावकाराचे."

ही घरे दिसतात तितकी जुनी मात्र नाहीत. तीस वर्षांच्या युद्धात १६३४ मध्ये हे गाव जाळले गेले, पुन्हा उभे राहिले, आणि १६९२ मध्ये चौदाव्या लुईच्या फ्रेंच फौजांनी ते पुन्हा जाळले. आज दिसणारी बहुतेक घरे त्या दुसऱ्या आगीनंतरची आहेत. १६९२ म्हटल्याबरोबर बाबांनी हिशेब केला आणि त्या वेळी राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते, असे सांगितले. सातारकर माणसाला कुठलेही साल सांगा, तो ते आधी आपल्या दप्तरात नोंदवून घेतो.

हेस्सेच्या जन्मघराखाली आता दुकान आहे आणि तेही अर्थातच बंद होते. तिथल्या पायरीवर बसून मी बाबांना हेस्सेच्या आजोबांची गोष्ट सांगितली, आणि काल्फला येण्यामागे माझा खरा हेतू तोच होता. हेर्मान गुंडर्ट (१८१४–१८९३) हे मूळचे श्टुटगार्टचे. ते १८३६ मध्ये भारतात आले, पुढे बाझेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे काम करत मलबारात तलश्शेरीला राहिले आणि १८५९ मध्ये परतले. पुढची तीस-बत्तीस वर्षे त्यांनी काल्फमध्ये धार्मिक ग्रंथांच्या प्रकाशनसंस्थेचे काम पाहिले, आणि या थंड, पाइनच्या खोऱ्यात बसून आपला मल्याळम–इंग्रजी शब्दकोश पूर्ण केला. तो १८७२ मध्ये मंगळूरला छापला गेला आणि आजही मल्याळम अभ्यासकांच्या हाताशी असतो. त्यांची मुलगी मारी, म्हणजे हेस्सेची आई, १८४२ मध्ये तलश्शेरीत जन्मली. हेस्सेचे वडीलही काही वर्षे मंगळूरच्या बाजूला मिशनरी होते. तेव्हा या नदीकाठच्या घरात मल्याळम, कानडी आणि संस्कृत शब्द कानावर पडत होते, आणि १९२२ मध्ये गौतमाच्या काळातील भारतावर कादंबरी लिहिणारा लेखक त्या घरात वाढला. मोल्सवर्थच्या कोशाशिवाय आपले पान हलत नाही, तसेच मल्याळी माणसाचे गुंडर्टच्या कोशाशी नाते आहे, असे मी सांगितले तेव्हा बाबांना त्या नात्याचे वजन लगेच उमगले.

दुपारी आम्ही नदीकाठच्या पायवाटेने हिर्साउपर्यंत चालत गेलो. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर असेल, पण आम्हाला तासाच्या वर लागला, कारण वाटेत प्रत्येकाशी रामराम होत होता. हिर्साउचा बेनेडिक्टी मठ अकराव्या शतकात या प्रदेशातील फार मोठे धर्मपीठ होता. सेंट पीटर आणि पॉल यांचे १०९१ मध्ये अभिषिक्त झालेले त्याचे चर्च आज नाही. त्याच्या पश्चिमेकडचा एक उंच मनोरा, ज्याला घुबडांचा मनोरा म्हणतात, तेवढा उरला आहे. नंतर तिथे ड्यूकने बांधलेला शिकारवाडाही १६९२ च्या त्याच मोहिमेत जळाला. त्या वाड्याच्या छप्पर नसलेल्या चार भिंतींच्या आत एक एल्म वृक्ष उगवून भिंतींच्याही वर गेला होता, आणि लुडविग उलांड या कवीने त्यावर कविता लिहिल्यामुळे तो जर्मनीभर माहीत झाला. एल्म वृक्षांच्या रोगाने तो गेला आणि १९८९ मध्ये तो तोडावा लागला. आता त्या भिंतींत नुसते आकाश आहे. तिथे गवतावर एक कुटुंब थर्मासमधून कॉफी पीत बसले होते. मुले भिंतीच्या रिकाम्या खिडक्यांमधून एकमेकांना हाका मारत होती, आणि आई त्यांना हळू बोला असे सांगत होती, कारण रविवार होता.

परतताना केकच्या दुकानात बसायला जागा मिळाली नाही. साडेतीन ते साडेचार ही इकडे रविवारच्या कॉफीची वेळ असते. सकाळी ओस वाटलेले गाव त्या वेळी कुठे असते, हा बाबांचा प्रश्न तिथे सुटला.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. ही शांतता नुसती सवयीची नाही, ती घटनेत आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या १३९ व्या कलमात रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित केला गेला, आणि १९४९ च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे आजच्या राज्यघटनेने, आपल्या १४० व्या कलमाद्वारे ते कलम जसेच्या तसे स्वीकारले. जड ट्रकांना रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर बंदी आहे, आणि वस्तीत गवत कापायचे यंत्रही लावता येत नाही. मला स्वतःला पहिली दोन वर्षे याचा जाच वाटत असे. आता वाटतो तो फक्त शनिवारी दूध आणायचे विसरले तर.

इतरांचे असे रविवार वाचायला आवडतील. जर्मनीतल्याच लहान गावांबद्दल लिहावे, ही विनंती.

---

गिरणगावकर

लेख फार आवडला. घटनेतील कलमाचा उल्लेख आला म्हणून त्याच्या आधीची एक गोष्ट जोडतो. जर्मनीत कारखान्यांमधील रविवारच्या कामावर देशव्यापी बंदी आणणारा कामगार संरक्षण कायदा १ जून १८९१ चा आहे. त्याच्या जवळजवळ एक वर्ष आधी, १० जून १८९० रोजी, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली होती, आणि ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर मिळाली होती. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हाही मुद्दा लोखंडे यांनी मांडला होता. तेव्हा आपल्या वडिलांना काल्फमधला रविवार परका वाटला असला, तरी तो ज्या मागणीतून आला ती मागणी परळ-लालबागला परकी नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे सुटी कामगाराला मिळाली आणि दुकानदार तिच्या बाहेर राहिला. तिकडे कायद्याने दुकानातल्या नोकरालाही तिच्यात घेतले.

उपाशी_आखेनकर

लेख सुंदर आहे, हे मान्य करूनही थोडे विरोधी सूर लावतो. हा रविवार ज्याच्या घरात माणसे आहेत त्याच्यासाठी आहे. मी शिकायला आलो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात रविवार माझ्या अंगावर येत असे. पाच वाजताच अंधार, वसतिगृहातले जर्मन विद्यार्थी शुक्रवारीच आपापल्या घरी गेलेले, ग्रंथालय बंद, आणि दूध हवे असेल तर पेट्रोल पंपावर दीडपट भावाने घ्यायचे. कोणाशी चार शब्द बोलावेत तर समोर फक्त पंपावरचा मुलगा असायचा, आणि तोही बहुधा माझ्यासारखाच परदेशी विद्यार्थी असायचा. फेरफटका मारणाऱ्या कुटुंबांना "ग्र्यूस गॉट" म्हणून पुढे जाता येते, त्यांच्यात बसता येत नाही. दुकाने उघडी असती तर निदान गर्दीत हरवता आले असते. आपल्याकडचा बाजार एकट्या माणसाला किती सांभाळून घेतो, हे मला इथे कळले.

नेकरकाठची

उपाशी_आखेनकर, आपले म्हणणे मी खोडून काढणार नाही. माझ्याही पहिल्या हिवाळ्याच्या आठवणी याहून निराळ्या नाहीत. एकदा रिकाम्या बरण्या काचकचऱ्याच्या सार्वजनिक पेटीत टाकायला रविवारी गेले, तर वरच्या खिडकीतून एका बाईंनी मला पेटीवरची वेळेची पाटी वाचायला लावली. त्या दिवसातले माझे तेवढेच संभाषण. बाबा सोबत होते म्हणून काल्फचा दिवस तसा गेला, आणि एकटी गेले असते तर कदाचित हा धागा आलाच नसता.

गिरणगावकर, १८९० आणि १८९१ ही जोडी माझ्या लक्षात आली नव्हती. बाबांना वाचून दाखवली. जेजुरीला रविवारी दुकाने उघडीच असतात, असे त्यांनी तुम्हाला कळवायला सांगितले आहे.

श्वाबेनची_सून

माझे सासर याच प्रदेशातल्या एका खेड्यात आहे, म्हणून घराच्या आतून रविवार कसा दिसतो ते सांगते. रविवारची तयारी शनिवारीच होते. ज्या कुटुंबाची पाळी असेल त्याच्या दाराला 'केअरवोखं' अशी पाटी लटकवलेली असते, आणि त्या आठवड्यात जिना, अंगण आणि फुटपाथ त्याने झाडायचा असतो. ते काम शनिवारी संध्याकाळपर्यंत संपलेच पाहिजे, कारण रविवारी हातात केरसुणी दिसणे वाईट. साडेबारा वाजता भाजलेले मांस, श्पेत्झ्ले (अंडी घातलेल्या पिठाच्या जाड शेवया) आणि बटाट्याचे सॅलड असे जेवण होते. मी शाकाहारी असल्याने सासूबाई माझ्यासाठी श्पेत्झ्ले चीज आणि तळलेला कांदा घालून वेगळे करतात, आणि गेल्या नऊ वर्षांत त्या एकदाही विसरलेल्या नाहीत.

जेवणानंतर फेरफटका. त्याचा मार्ग ठरलेला आहे: फळबागांच्या कडेने, टेकडीवरच्या बाकापर्यंत आणि दफनभूमीवरून परत. पहिल्या वर्षी मला वाटले, की दफनभूमी वाटेत लागते म्हणून आपण आत जातो. तसे नव्हते, आम्ही तिथेच जायला निघत होतो. दाराशी हिरव्या झाऱ्या टांगलेल्या असतात, त्यातली एक भरून घ्यायची, आजेसासऱ्यांच्या फुलांना पाणी घालायचे, सुकलेली पाने खुडायची आणि शेजारच्या कबरीची फुले कोमेजली असतील तर तिलाही घोटभर घालायचे. इथे कबरीची जागा कायमची मिळत नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या मुदतीने ती घ्यावी लागते, आणि मुदत संपली की घरच्यांनी ती वाढवायची किंवा सोडायची असते. सासूबाई मुदतीची तारीख जशी बोलता बोलता सांगतात, तशी माझी आई गॅस सिलिंडरची सांगते.

त्यानंतर केक. पुठ्ठ्याच्या तबकावर कागदात गुंडाळलेले केकचे तुकडे हातात तोलत चाललेला माणूस दिसला, की समजावे तो आईकडे निघाला आहे. काल्फमध्ये गुंडर्ट यांची कबर आहे, तिथे आपण गेलात का?

नेकरकाठची

नाही गेलो, आणि आता फार चुटपुट लागली आहे. हिर्साउच्या वाटेवर वेळ गेला आणि बसची वेळ झाली. पुढच्या फेरीत नक्की.

मिरीचे_झाड

वडिलांच्या बँकेच्या नोकरीमुळे माझी शाळेची चार वर्षे तलश्शेरीत गेली. इल्लिक्कुन्नु या टेकडीवर गुंडर्ट राहत असत तो बंगला आहे, आणि गावात त्यांचा पुतळाही आहे. आमच्या मल्याळमच्या बाईंनी त्यांचे नाव घेतले नाही असा आठवडा जात नसे, कारण मल्याळममधील पहिले वृत्तपत्र 'राज्यसमाचारम्' त्यांनी १८४७ मध्ये तिथूनच काढले. मराठी घरातून आलेल्या मला 'दर्पण'ची १८३२ ची तारीख पाठ होती, म्हणून मी वर्गात उठून "आमचे पंधरा वर्षे आधी" असे सांगितले होते. बाईंनी शांतपणे विचारले, "तुमच्या गावात जर्मनीहून येऊन शब्दकोश कोणी केला?" मी मोल्सवर्थचे नाव घेतले, पण तो इंग्रज होता.

गुंडर्ट यांनी कोश काल्फमध्ये पूर्ण केला, हे मात्र मी आज वाचले. त्या टेकडीवर दिवसरात्र पाऊस कोसळत असतो आणि खाली समुद्राचा वास येतो. तिथले शब्द पाइनच्या जंगलात बसून आठवत राहायचे, हे मला अवघड वाटते. हेस्सेला घड्याळे दुरुस्त करायला लावले होते, असे कुठेतरी वाचल्याचे आठवते. ते याच गावात का?

नेकरकाठची

होय, याच गावात. माउलब्रॉनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेतून तो १८९२ मध्ये पळून गेला. त्यानंतरची दोन वर्षे घरच्यांची फार ओढाताण झाली, आणि शेवटी १८९४–९५ मध्ये त्याने सव्वा वर्ष काल्फच्या पेरो यांच्या कारखान्यात उमेदवारी केली. तिथे मनोऱ्यांवरची मोठी घड्याळे बनत. दुरुस्तीपेक्षा कानस चालवणे हेच काम जास्त होते. तो कारखाना अजून आहे, आणि मक्केतील मनोऱ्यावरच्या महाकाय घड्याळाची यंत्रणा त्याच काल्फच्या कारखान्याने केली आहे. ही माहिती बाबांना बसमध्ये सांगितली, तेव्हा त्यांनी मागे वळून गाव पुन्हा एकदा पाहिले.

देवगडचा_बाबू

बाझेल मिशन हे नाव वाचले आणि थबकलो. आमच्या आजोळच्या घरावर मंगळुरी कौले आहेत. या मिशनने धर्मांतरितांना रोजगार मिळावा म्हणून विणकामाचे आणि कौलांचे कारखाने काढले होते, आणि मंगळूरचा पहिला कौलांचा कारखाना १८६५ चा आहे. ती कौले गलबतांनी किनाऱ्याकिनाऱ्याने आमच्याकडे येत असत. त्याआधी आमच्याकडे कुंभाराची नळीची कौले असत, आणि माकडांच्या एका फेरीत ती अर्धी फुटत. एकमेकांत अडकणारे सपाट कौल हा कोकणातल्या घरांतला मोठा बदल होता. म्हणजे ज्या मंडळींनी गुंडर्ट यांना तलश्शेरीला ठेवले, त्यांच्याच कारखान्यातली कौले आमच्या पणजोबांच्या वाशांवर चढलेली असण्याची शक्यता आहे. कौलाच्या आतल्या बाजूला कारखान्याचा ठसा असतो. या शनिवारी गावी जातो आहे, तेव्हा माळ्यावर चढून पाहतो.

श्वाबेनची_सून

देवगडचा_बाबू, पावसाळा तोंडावर आहे, कौल काढून पाहू नका. माळ्यावरून विजेरी मारली तरी ठसा दिसेल.

उपाशी_आखेनकर

मी आधी तक्रारीचा सूर लावला होता, म्हणून पुढचेही सांगतो. काल काल्फला जाऊन आलो. एकटाच गेलो होतो. पुलावर हेस्सेच्या शेजारी उभा राहून ब्रेत्सेल खाल्ला. गुंडर्ट यांची कबर शोधायला दफनभूमीत गेलो, तिथे झाऱ्या टांगलेल्या होत्या. एका म्हाताऱ्या बाईंनी मी काय शोधतो आहे ते विचारले. सांगितल्यावर त्या आपली झारी खाली ठेवून माझ्याबरोबर आल्या आणि कबर दाखवली. मी भारतातून आलो आहे हे कळल्यावर त्यांनी मला मल्याळम येते का, असे विचारले. नाही म्हणालो, तेव्हा त्या जराशा हिरमुसल्या. नंतर त्यांची झारी मी भरून आणून दिली, दोनदा.

देवगडचा_बाबू

विजेरी मारली. आमच्या छपरावर तीन निरनिराळ्या कारखान्यांची कौले निघाली. तिन्ही मंगळूरची आहेत, पण बाझेल मिशनचे एकही नाही. फुटतील तशी बदलत गेल्यामुळे जुनी कौले राहिलेली नसावीत. आजीला विचारले, तेव्हा तिने मागच्या पडवीत नेले. न्हाणीच्या चुलीपाशी राख भरायला म्हणून एक कौल उपडे ठेवलेले आहे, कड तुटलेले आणि काजळी धरलेले. ओल्या फडक्याने पुसल्यावर त्यावर मिशनचे नाव आणि १८६५ हे साल उमटलेले दिसले. साल कारखान्याच्या स्थापनेचे आहे, कौल कधीचे ते सांगता येणार नाही. मी ते घेऊन मुंबईला येणार होतो, पण मग राख कशात भरायची, असे आजीने विचारले, म्हणून ते तिथेच ठेवले आहे.